‘एएमडी तापतं’ हे वाक्य कोणत्या सालचं?

प्रश्न थोडक्यात असा: मुलाला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी असेम्बल्ड पीसी घ्यायचाय. ओळखीचा दुकानदार म्हणतो, “एएमडी तापतं, डोळे झाकून इंटेल घ्या.” भाचा म्हणतो, “इंटेल संपलं, आता फक्त रायझन.” खरं कोणाचं, आणि इंटेल आणि एएमडी (रायझन तिचाच) या प्रोसेसर बनवणाऱ्या दोन कंपन्यांचं भांडण मुळात सुरू कुठून झालं?

दोघांचंही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या सालातलं. प्रोसेसरच्या बाजारात जी ठाम वाक्यं ऐकू येतात, ती बहुतेक कधी ना कधी खरी होती. ज्या प्रोसेसरबद्दल ती होती तो केव्हाच भंगारात गेला, वाक्य तेवढं काउंटरवर राहिलं. बरीच वर्षं मशीन जोडण्यात आणि उघडण्यात गेल्यामुळे यातली बरीचशी वाक्यं मी ताजी असताना ऐकली आहेत. म्हणून सालवारच सांगतो. लांबेल, पण तुम्ही विचारलंय ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही.

दोन्ही कंपन्या एकाच घरातून निघाल्या. कॅलिफोर्नियातल्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. पुढच्याच वर्षी तिथलेच जेरी सँडर्स काही सहकाऱ्यांना घेऊन निघाले आणि एएमडी उभी राहिली. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर ४००४ हा १९७१ चा, २,३०० ट्रान्झिस्टरचा, तोही एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीच्या ऑर्डरीतून निघालेला. १९७८ मध्ये ८०८६ आला आणि वर्षभरात त्याचा स्वस्त भाऊ ८०८८. तुम्ही आज जो पीसी घ्याल, मग तो इंटेलचा असो की एएमडीचा, तो याच ८०८६ च्या आज्ञासंचाचा (प्रोसेसरला कळणाऱ्या हुकमांच्या यादीचा) वंशज असेल. एक्स८६ म्हणतात ते हेच.

एएमडी या घराण्यात आली ती आयबीएममुळे. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला तेव्हा त्यात ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ होता. पण एवढ्या मोठ्या धंद्याची नाडी एकाच पुरवठादाराच्या हाती द्यायला आयबीएम तयार नव्हती. दुसरा कोणीतरी हाच माल बनवणारा हवा, असा तिचा आग्रह. त्यातून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडीचा तांत्रिक देवाणघेवाणीचा करार झाला आणि इंटेलचे प्रोसेसर एएमडीही बनवू लागली. म्हणजे पुढची चाळीस वर्षं जिने डोकं उठवलं, ती प्रतिस्पर्धी इंटेलने स्वतःच, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून, हाताला धरून आत आणली.

याच घराण्यातल्या २८६ पर्यंत हे जमलं. १९८५ मध्ये ३८६ आला आणि इंटेलने त्याचे आराखडे एएमडीला द्यायला नकार दिला. पीसीचा बाजार आता आयबीएमच्या मुठीत राहिला नव्हता, कॉम्पॅकसारखे लोक पुढे सरसावले होते, मग वाटेकरी कशाला? एएमडी लवादाकडे गेली. तिकडे वकील भांडत होते आणि इकडे एएमडीचे इंजिनिअर ३८६ ची स्वतःची नक्कल तयार करत होते. १९९१ मध्ये एएम३८६ बाजारात आला. इंटेलचा सर्वांत वेगवान ३८६ होता ३३ मेगाहर्ट्झचा, एएमडीने ४० चा दिला आणि तोही स्वस्तात. कोर्टकचेऱ्या १९९५ च्या समेटापर्यंत चालल्या. मधल्या काळात अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘३८६’ हा नुसता आकडा कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही असं सांगितलं. म्हणून तर ५८६ कधी आलाच नाही, १९९३ मध्ये एकदम पेंटियम आला.

‘डोळे झाकून इंटेल’ हे वाक्य याच काळातलं. १९९१ मध्ये ‘इंटेल इनसाइड’ मोहीम सुरू झाली. संगणक बनवणाऱ्याने जाहिरातीत तो गोल शिक्का टाकला की जाहिरातीच्या खर्चातला वाटा इंटेल उचलायची. तोपर्यंत आत कोणता प्रोसेसर आहे याची गिऱ्हाइकाला फिकीर नसायची. त्यानंतर लोक कॅबिनेटवर स्टिकर आहे का ते बघू लागले. स्टिकर सुटा विकणारेही होते, तो वेगळा विषय.

पेंटियमच्या बाबतीत आपल्याकडचा एक खरा धागा आहे. त्या प्रकल्पाच्या म्होरक्यांपैकी एक विनोद धाम, ज्यांना ‘पेंटियमचे जनक’ म्हणतात, त्यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण दिल्लीचं. गंमत पुढे आहे. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. एएमडीचा स्वतःचा के५ तेव्हा रखडला होता, म्हणून एएमडीने नेक्सजेनच विकत घेतली, आणि तिथल्या आराखड्यातून १९९७ मध्ये के६ निघाला. पेंटियमच्याच सॉकेट ७ मदरबोर्डात बसणारा के६! बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता यायचा, हे तेव्हाच्या गिऱ्हाइकाला फार मोठं होतं.

पेंटियमची दुसरी गोष्ट भागाकाराची. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करत होते. १९९४ मध्ये त्यांचे आकडे जुळेनात. शोधता शोधता दोष प्रोसेसरमध्येच सापडला. भागाकारासाठी चिपमध्ये १,०६६ नोंदींचा एक तक्ता होता आणि त्यातल्या पाच नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या. तपासायची रीत सोपी होती: ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, आलेल्या उत्तराला परत ३१४५७२७ ने गुणा, आणि ते ४१९५८३५ मधून वजा करा. शून्य यायला हवं. सदोष पेंटियमवर २५६ यायचे. सामान्य माणसाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, असं इंटेलने आधी सांगून पाहिलं. गणित बहुधा बरोबर असेल, पण भागाकार चुकतो म्हटल्यावर लोक कशाला ऐकतात! आयबीएमने त्या प्रोसेसरचे पीसी पाठवणं थांबवलं, आणि डिसेंबरमध्ये इंटेलला ‘मागेल त्याला बदलून’ जाहीर करावं लागलं. खर्च पडला ४७.५ कोटी डॉलर. ‘इंटेलच्या मालात दोष नसतो’ म्हणणाऱ्यांना हे आठवत नाही, कारण इंटेलने शेवटी बदलून दिलं आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं.

या काळात सायरिक्स नावाची तिसरी कंपनीही होती. ऑफिसच्या कामाला चांगली, दशांश अपूर्णांकाच्या गणितात कच्ची. १९९६ मध्ये ‘क्वेक’ आला आणि नेमकं तेच गणित मागू लागला. त्या एका गेमने सायरिक्सचं नाव खराब केलं. पुढे ती आधी नॅशनल सेमीकंडक्टरकडे आणि मग व्हियाकडे गेली.

आता ‘एएमडी तापतं’कडे येऊ. इंटेलने १९९७ च्या पेंटियम टू पासून प्रोसेसरची जोडणीच बदलली आणि ती एएमडीला मोकळी ठेवली नाही. त्यामुळे एएमडीला स्वतःचा बोर्ड, स्वतःचा बस (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातला माहितीचा रस्ता) हे सगळं उभं करावं लागलं. डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरचा बस परवान्यावर घेऊन आणि डेकमधूनच आलेल्या डर्क मायर यांच्या हाताखाली १९९९ मध्ये एथलॉन तयार झाला. पहिल्यांदाच एएमडीकडे इंटेलपेक्षा सरळ सरळ वेगवान प्रोसेसर होता. ६ मार्च २००० ला एएमडीने १ गीगाहर्ट्झचा एथलॉन जाहीर केला. इंटेलचा १ गीगाहर्ट्झ पेंटियम थ्री आला दोन दिवसांनी. घाईघाईत आणलेला १.१३ गीगाहर्ट्झचा पेंटियम थ्री तर इंटेलला ऑगस्टमध्ये परत बोलवावा लागला. लिनक्सचा कर्नल कंपाइल करताना तो कोसळायचा.

पण त्या एथलॉनला एक खोड होती. सॉकेट ए मधल्या चिपवर धातूचं झाकण नसायचं, नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा उघडाच. हीटसिंकची (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची) क्लिप इतकी ताठ, की ती स्क्रू ड्रायव्हरने दाबून खाली आणावी लागे. हात जरा तिरका झाला की ‘कट्’ आवाज यायचा आणि चिपचा कोपरा उडालेला असायचा. वॉरंटीवाले पहिल्यांदा कोपरेच बघायचे. दुसरं म्हणजे, थंडरबर्ड नावाच्या त्या वेळच्या एथलॉनच्या पोटात स्वतःचं तापमान ओळखून थांबायची सोयच नव्हती. पंखा बंद पडला की बोर्डाने वेळेत वीज तोडली तर ठीक, नाहीतर प्रोसेसर गेला. २००१ मध्ये एका चाचणीचा व्हिडिओ खूप फिरला: चालू मशीनचा हीटसिंक काढला, पेंटियम ४ संथ झाला पण चालत राहिला, एथलॉनमधून धूर निघाला. आपल्याकडे तर मे महिन्यातली बंद खोली, बिनवाऱ्याचं कॅबिनेट आणि स्थानिक पंखा. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्या काळी दुकान चालवणाऱ्याने असे जळालेले एथलॉन पाहिले नसतील असं होणार नाही. तुमचा दुकानदार तिथलाच माणूस असावा.

त्यात एथलॉन हौशी लोकांचा लाडका. चिपच्या वरच्या अंगावर एल१ नावाचे बारीक पूल असायचे. तिथे साध्या शिसपेन्सिलीने रेघ ओढली की गुणक (प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा) मोकळा व्हायचा आणि एथलॉनचा स्वस्तातला भाऊ ड्युरॉन वरच्या वेगाने पळायचा. पेन्सिल मारलेले ड्युरॉन नवे म्हणून विकले गेले आणि उन्हाळ्यात परत आले. बदनामी कंपनीच्या नावावर जमा झाली.

हेच वाक्य २००४ मध्ये म्हटलं असतं तर ते उलटं झालं असतं. इंटेलने पेंटियम ४ ची रचनाच गीगाहर्ट्झचा आकडा मोठा दिसावा म्हणून केली होती. कामाचे टप्पे जास्त, प्रत्येक टप्पा छोटा, घड्याळ जोरात. नोव्हेंबर २००० मधला पहिला पेंटियम ४ कित्येक कामांत आपल्याच पेंटियम थ्रीच्या मागे पडायचा, वर महागडी रॅमबस मेमरी मागायचा. तरी विकला गेला, कारण गिऱ्हाईक आकडा बघत होतं. एएमडीने मग आकडाच बदलला: १.५३ गीगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ‘एथलॉन एक्सपी १८००+’ नाव दिलं. माझ्या मते ही लबाडीच, पण समोरच्याच्या लबाडीला साजेशी. २००४ च्या प्रेस्कॉट नावाच्या पेंटियम ४ मध्ये टप्पे ३१ झाले आणि चिप इतकी तापू लागली की ४ गीगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलने जाहीर करूनही रद्द केला. त्या वर्षी थंड चालणारा प्रोसेसर एएमडीचा एथलॉन ६४ होता.

आणि त्यातला ‘६४’ हा या सगळ्या इतिहासातला एएमडीचा सर्वांत मोठा डाव. प्रोसेसरने एका घासात ३२ ऐवजी ६४ बिट हाताळावेत यासाठी इंटेलने एचपीबरोबर इटेनियम आणला, जुन्या प्रोग्रॅमशी जवळजवळ काडीमोड घेणारा. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि एथलॉन ६४ मध्ये जुन्या एक्स८६ लाच ६४ बिटपर्यंत ताणलं; जुनं सॉफ्टवेअर तसंच चालायचं. बाजाराने एएमडीची रीत उचलली आणि २००४ मध्ये इंटेलला तीच स्वीकारावी लागली. खात्री करायची असेल तर साध्या ६४ बिट विंडोजच्या इंटेल मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘सेट’ टाइप करा. येणाऱ्या यादीत प्रोसेसर आर्किटेक्चरच्या ओळीत ‘एएमडी६४’ लिहिलेलं सापडेल. इंटेलच्या स्टिकरखाली!

मग प्रश्न पडतो की २००३ ते २००६ मध्ये एएमडी एवढी पुढे होती तर ब्रँडेड मशीनमध्ये दिसायची का नाही? याचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये नाही. संगणक कंपन्यांनी आमचाच माल घ्यावा म्हणून इंटेल सवलती देते, अशी तक्रार जपानपासून युरोपपर्यंत झाली. एएमडीने २००५ मध्ये अमेरिकेत दावा ठोकला. युरोपीय आयोगाने २००९ मध्ये १०६ कोटी युरोचा दंड लावला (तो पुढे कोर्टात टिकला नाही, पण त्याला तेरा वर्षं गेली). आयोगाच्या तपासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: एएमडीने एका मोठ्या कंपनीला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले होते, तिने घेतले फक्त १ लाख ६० हजार. फुकट असूनही! जास्त घेतले असते तर इंटेलकडची सवलत गेली असती. २००९ च्या अखेरीस इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पण एएमडीची चांगली वर्षं तोवर निघून गेली होती.

जुलै २००६ मध्ये कोअर टू ड्युओ आला. त्याचं मूळ इंटेलच्या इस्राएलमधल्या हैफाच्या चमूने लॅपटॉपसाठी केलेल्या पेंटियम एम मध्ये होतं. तिथे बॅटरी वाचवायची होती, म्हणून आकड्यांचा सोस नव्हता. ३१६ डॉलरचा, २.४ गीगाहर्ट्झचा ई६६०० हा एएमडीच्या हजार डॉलरच्या एफएक्स-६२ ला बहुतेक चाचण्यांत मागे टाकत होता. त्याच वर्षी एएमडीने एटीआय ही ग्राफिक्स कंपनी ५४० कोटी डॉलरला घेतली आणि कर्जाखाली दबली. तिचा २००७ चा फिनॉम चूक घेऊन आला. ‘खऱ्या मर्दाकडे स्वतःचे कारखाने असतात’ म्हणणाऱ्या सँडर्स यांच्या कंपनीने २००९ मध्ये कारखाने अबुधाबीच्या पैशावर वेगळे काढले. २०११ चा बुलडोझर तर विचारूच नका: आठ कोअरचा (कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्र काम करणारा भाग) म्हणून विकला, पण दर दोन कोअरमध्ये दशांश गणिताचं एकक सामाईक. एकेरी कामात तो एएमडीच्याच जुन्या फिनॉम टू च्या मागे राहायचा. ‘गेमिंगला इंटेलच’ हे वाक्य इथलं, आणि ते जवळजवळ दहा वर्षं खरं होतं.

त्या दहा वर्षांत इंटेलने काय केलं? २०११ चा आय-७ २६००के चार कोअर, आठ थ्रेडचा, म्हणजे एका वेळी आठ कामं धरणारा. जानेवारी २०१७ चा आय-७ ७७००के चार कोअर, आठ थ्रेडचाच. मधली सुधारणा खरी, पण दरवर्षी चिमूटभर, आणि बोर्ड मात्र दर दोन पिढ्यांनी नवा. त्या काळात माझ्याकडे २६००के वाले अपग्रेडसाठी आले की मी त्यांना एसएसडी टाकून परत पाठवायचो. आत इंटेलचं खरं दुखणं कारखान्यात होतं. चिप बनवण्याची १४ नॅनोमीटरनंतरची, आणखी बारीक अशी १० नॅनोमीटरची प्रक्रिया वर्षानुवर्षं रखडली. डेस्कटॉपवर १४ नॅनोमीटर २०२१ पर्यंत ताणावं लागलं.

एएमडीचा शेअर २०१५ मध्ये दोन डॉलरच्या खाली होता. लिसा सू २०१४ मध्ये प्रमुख झाल्या होत्या, इंजिनिअर जिम केलर यांनी झेन या नव्या रचनेचा पाया घालून दिला होता. २ मार्च २०१७ ला रायझन आला: आठ कोअरचा १८००एक्स ४९९ डॉलरला, जेव्हा इंटेलच्या आठ कोअरला हजारावर मोजावे लागत. सुरुवातीच्या महिन्यांत रॅम बोर्डाशी जुळायची नाही, बायोस (बोर्डातला मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट केल्याशिवाय मशीन उठायचं नाही; ‘एएमडीची कटकट’ हे वाक्य तिथून आलं. २०१९ मध्ये एएमडीने प्रोसेसर छोट्या तुकड्यांत विभागला, कोअरचे तुकडे तैवानच्या टीएसएमसीकडून ७ नॅनोमीटरवर करून घेतले, आणि गळ्यातला कारखाना काढून टाकल्याचा फायदा तेव्हा दिसला. रायझनच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डाचं तर मला आजही कौतुक आहे: २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायोस बदलून २०२० चा प्रोसेसर बसतो.

म्हणून एएमडी गरिबांची कैवारी आहे असं समजू नका. २०२० मध्ये आघाडी मिळताच सहा कोअरचा ३६०० जो १९९ डॉलरला होता, त्याच्या जागी ५६००एक्स आला २९९ ला, आणि स्वस्तातला पर्याय दीड वर्ष दिलाच नाही. तो दिला केव्हा? इंटेलचा आय-५ १२४०० जानेवारी २०२२ मध्ये आल्यावर.

आता भाच्याचं वाक्य. ते २०२४ चं आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून स्वतःला हळूहळू झिजवत होते. गेम मधेच बंद पडायचे आणि दोष ग्राफिक्स कार्डावर जायचा. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्तीचा) उतारा आला, वॉरंटी दोन वर्षं वाढली, पण जो झिजला तो झिजला. त्याच वर्षी आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेतला कोअरचा भाग इंटेलने चक्क टीएसएमसीकडून करून घेतला, आणि गेममध्ये तो बऱ्याचदा आपल्याच १४ व्या पिढीच्या मागे राहिला. पण ‘संपलं’ हे एएमडीबद्दल २०१५ मध्ये मीही ऐकलंय. आणि जळण्याचं म्हणाल तर २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी काही बोर्डांवर जास्त व्होल्टेजने जळाले होते.

तर तुमच्या मुलासाठी. कोडिंग, कॅड, थोडं गेमिंग, चार वर्षं टिकायला हवं: सहा ते आठ कोअर पुरतात. पुढे प्रोसेसर बदलायची शक्यता ठेवायची असेल तर एएम५ (एएम४ नंतरच्या सॉकेटचा) बोर्ड घ्या, त्याला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार द्यायचं एएमडीने जाहीर केलंय. आत्ता ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर इंटेलमधला शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर चुकूनही घेऊ नका. त्यात डिस्प्ले नसतो, आणि एएमडीतही ‘एफ’चा अर्थ तोच. इंटेलची १२ वी पिढी बिनधास्त घेता येईल. १३ वी किंवा १४ वी स्वस्तात मिळत असेल तर दुकानदाराकडून बायोस समोर अपडेट करून घ्या, आणि वापरलेली अजिबात नको. बिलावर ‘बॉक्स’ लिहिलंय का बघा. ट्रेचा, म्हणजे कंपनीच्या खोक्याविना सुटा प्रोसेसर पाचशे-हजारांनी स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी सहसा कंपनीची नसते, विकणाऱ्याची असते. दोन्ही कंपन्यांचे भाव त्याच दिवशी, बोर्ड आणि रॅमसकट विचारा. नुसत्या प्रोसेसरच्या भावात वाचलेले पैसे पुष्कळदा बोर्डात जातात.